धर्माला दिलंस ना?

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान उरकून मी संध्याकाळी पुण्याला परत निघाले होते. फाट्यापर्यंत सोडायला दादा आला होता. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. त्याच्या गाडीवर मागे बसून मी किती वेळा हा रस्ता पार केला असेल याची गणती नाही. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, नुकती फवारणी झालेली, त्या औषधाचा घशाला लागणारा वास, मधूनच एखाद्या वावरातून काढलेल्या लाल कांद्याची पात सुकत पडलेली आणि अंगावर येणारा पहिला गार वारा. कॅनॉलच्या पुलावर गाडी हळू झाली तेव्हा दादानं मान न वळवता विचारलं, "धर्माला दिलंस ना?" आणि मी म्हणाले, "हो, दिलं." तो "मग बास" म्हणाला आणि गाडीचा वेग वाढवला. फाट्यावर त्यानं माझी बॅग बसमध्ये चढवून दिली, खिडकीतून हात केला. बस सुटली आणि सिन्नर येईपर्यंत मी माझ्या डाव्या तर्जनीवरची शाई अंगठ्यानं घासत बसले होते.

मी धर्माला मत दिलं नव्हतं. कशाला दिलं होतं ते सांगेन पुढे. पण खोटं बोलल्यापेक्षा मला दुसरीच गोष्ट टोचत राहिली. दादा असा माणूस नाही की त्याला घाबरावं. आम्ही दोघं घरात सगळ्यात जास्त भांडतो. क्रिकेटवरून, त्याच्या लग्नाच्या याद्यांवरून, मी एमपीएससी करावी की नाही यावरून. त्याला तोंडावर "नाही" म्हणायला मला कधी दोन क्षण लागले नाहीत. मग त्या पुलावर माझी जीभ का वळली नाही?

याच दादानं सहा महिन्यांपूर्वी वेगळंच काही विचारलं होतं.

मे महिन्यात लोकसभेला माझं पहिलं मत होतं. आमचा दिंडोरी मतदारसंघ, मतदान २० मेला. तेव्हा आमच्याकडे एकच विषय होता, कांदा. आदल्या डिसेंबरच्या ७ तारखेला रात्री निर्यातबंदीचा आदेश निघाला तेव्हा आमचा लाल कांदा निम्मा वावरात आणि निम्मा खळ्यावर होता. लाल कांदा टिकत नाही. उन्हाळ कांद्यासारखा चाळीत भरून भावाची वाट बघत बसता येत नाही, काढला की आठ-पंधरा दिवसांत विकावाच लागतो. दुसऱ्या दिवशी लिलाव बंद, रस्त्यावर ट्रॅक्टर आडवे. पप्पांनी बंदीच्या आदल्या आठवड्यात पहिलं वक्कल क्विंटलला साडेतीन हजारांच्या वर दिलं होतं. डिसेंबर संपता संपता तसलाच कांदा सोळाशेनं गेला. त्या रात्री जेवताना पप्पा काही बोलले नाहीत, फक्त पावती दोनदा घडी करून खिशात ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. मी सुट्टीला घरी आले होते. माझ्या हॉस्टेलच्या फीचा दुसरा हप्ता जानेवारीत भरायचा होता आणि ते मला आणि त्यांना दोघांनाही ठाऊक होतं.

बंदी उठली ती मेच्या ४ तारखेला, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. तोवर आमच्याकडे ठरून गेलं होतं. दादानं ट्रॉलीच्या मागच्या फळीवर खडूनं लिहिलं होतं, "आमचं मत कांद्याला." १५ मेला पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली, त्यात एका तरुणानं मध्येच उठून "कांद्यावर बोला" म्हणून हाक दिली. तो व्हिडिओ दादानं मला दिवसातून चार वेळा पाठवला असेल. निकालात राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे, तुतारी वाजवणारा माणूस या चिन्हाचे भगरे सर १ लाख १३ हजारांनी निवडून आले. त्यांच्या आडनावाचा आणि तुतारी चिन्हाचा दुसरा एक अपक्ष उमेदवार १ लाखाहून जास्त मतं घेऊन गेला, तरीही. गावात गुलाल उडाला. "कांद्यानं पाडलं" हे वाक्य त्या दिवशी मी पन्नास तोंडांतून ऐकलं आणि मला अभिमान वाटला. आमच्या वर्गात राज्यशास्त्राच्या पुस्तकात एका मुद्द्यावरचं मतदान म्हणून जे शिकवतात ते आमच्या खळ्यावर घडलं होतं. मी पुण्याला परत येऊन सगळ्यांना सांगत सुटले होते की बघा, शेतकरी भावनेवर मत देत नाही, हिशोबावर देतो.

माझी रूममेट मालेगावची. तिचे वडील यंत्रमागावर, आई घरी साडीच्या घड्या घालते. मालेगाव आमच्याच जिल्ह्यात, पण लोकसभेला धुळे मतदारसंघात मोडतं. मतदान आमच्याच दिवशी झालं होतं. तिकडे निकाल ३,८३१ मतांनी काँग्रेसच्या बाजूनं लागला आणि तो फिरवला एकट्या मालेगाव मध्यनं, तिथल्या जवळपास दोन लाखांच्या आघाडीनं. मी माझ्या कांद्याचं कौतुक सांगत होते तेव्हा ती ऐकून घ्यायची, हसायची. तिनं तिच्या घरचं काही सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात मेसमधल्या टीव्हीवर एक नवा शब्द ऐकू यायला लागला, "व्होट जिहाद". एका रात्री पडद्यावर धुळ्याचे आकडे दाखवत होते, मालेगावभोवती लाल वर्तुळ काढून. तिनं हातातला घास ताटात ठेवला. खोलीवर आल्यावर बराच वेळ कपडे घड्या घालत राहिली आणि मग म्हणाली, "तुमच्या गावानं एकगठ्ठा दिलं तर तुम्ही जागरूक. आमच्या मोहल्ल्यानं दिलं तर ते काय आहे, हे टीव्हीवाले सांगणार."

मग तिनं पहिल्यांदा सांगितलं. २०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्वाच्या कायद्यावरून चर्चा पेटली तेव्हापासून तिच्या आईनं सगळ्यांचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेत. जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, आजोबांचं एक पिवळं पडलेलं रेशनकार्ड. आजोबांचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळं, एका अक्षराचा फरक. त्या अक्षरासाठी वडिलांनी मागाचे किती खाडे केले ते तिनं मोजून सांगितलं. घरात आग लागली तर आधी ती पिशवी उचलायची, मग बाकीचं, हे लहान भावालाही पाठ आहे. "अम्मीनं त्या पिशवीला मत दिलं," ती म्हणाली. "तुझ्या पप्पांनी पावतीला दिलं तसं."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

पप्पांची पावती मी डोळ्यांनी पाहिली होती म्हणून ती मला हिशोब वाटली. पिशवी पाहिली नव्हती म्हणून तिकडचं मतदान मला, अगदी प्रामाणिकपणे सांगायचं तर, धर्माचं वाटलं होतं. टीव्हीवर तो शब्द येण्याच्या आधीपासून वाटत होतं. मनात कुठेतरी मी ते वर्तुळ आधीच काढून ठेवलं होतं.

आणि धर्म काय फक्त तिकडे होता? आमचं घर माळकरी. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ, पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला दिंडी जाते तिच्यात आमच्या घरचं एक तरी माणूस असतंच. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येतल्या सोहळ्याच्या दिवशी आमच्या गल्लीत दिवाळीसारखी रांगोळी होती. मी सकाळी व्हिडिओ कॉलवर होते. आजीनं नवं लुगडं नेसलं होतं आणि टीव्हीसमोर हात जोडून बसली होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती म्हणाली, "माझ्या आईला हे बघायला मिळालं नाही गं." माझेही डोळे भरले. तो आनंद मी आजही नाकारणार नाही, कुणाला बरं वाटावं म्हणूनही नाही. त्याच संध्याकाळी पप्पांनी ओट्यावर पाच पणत्या लावल्या आणि पणत्यांच्या पलीकडे अंधारात ट्रॉली उभी होती, ताडपत्री घातलेली, तिच्यात न परवडणाऱ्या भावाचा कांदा. फोनच्या पडद्यात दोन्ही एकाच चौकटीत दिसत होतं. पप्पांना त्यात विसंगत काही वाटलं नसावं. त्यांनी जानेवारीत मनापासून पणत्या लावल्या आणि मेमध्ये मनापासून कांद्याला मत दिलं. देवघर आणि खळं या त्यांच्यासाठी एकाच घरातल्या दोन जागा होत्या, एकीतला कचरा दुसरीत ओढायची त्यांना कधी गरज पडली नाही.

नोव्हेंबरात मात्र गाव बदललं होतं. एक म्हणजे कांद्याला भाव होता. ज्यांच्या चाळीत उन्हाळ कांदा शिल्लक होता ते क्विंटलला चार-पाच हजारांच्या गोष्टी करत होते. मेमध्ये ज्या एका मुद्द्यानं सगळं पाडलं तो भाव वधारताच कुठेतरी विरघळून गेला, कुणी त्याला निरोपही दिला नाही. दुसरं म्हणजे आईच्या खात्यात लाडकी बहीणचे पाच हप्ते, साडेसात हजार रुपये, आले होते. मला २१ पूर्ण नव्हती म्हणून मी त्यात नव्हते. आईनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता गिरणीजवळच्या दुकानातून स्वतःसाठी चप्पल घेतली आणि उरलेल्यातून मला स्वेटर पाठवला. शहरातल्या माझ्या मैत्रिणी या योजनेला लाच म्हणतात तेव्हा मला त्या चपला दिसतात. आईनं कुणाला मत दिलं हे तिनं सांगितलं नाही, पण मतदानाला जाताना तिनं त्याच चपला घातल्या होत्या.

आणि तिसरं, दादाच्या स्टेटसवरून कांदा गेला होता. तिथं आता "बटेंगे तो कटेंगे" होतं, "एक हैं तो सेफ हैं" होतं, रोज एखादा नवा व्हिडिओ, कुठल्या तरी लांबच्या गावातला, कुणी तरी कुणाला तरी मारतंय असा. मालेगाव आमच्यापासून फार लांब नाही. दादा महिन्यातून एकदा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांसाठी तिकडे जातो, एका ठरलेल्या मेकॅनिककडे, त्याच्याकडेच जेवतोही. त्या मेकॅनिकचं नाव त्या व्हिडिओंच्या ओघात कधी आलं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तो वेगळा." मी पुढे बोलले नाही. मालेगावातही याच दिवसांत आवाहनं सुरू होती. एका मोठ्या मौलानांनी महाविकास आघाडीच्या उमेदवारांना जाहीर पाठिंबा दिला तेव्हा माझी रूममेट इतकी चिडली की तिनं घरी फोन लावून अम्मीला विचारलं, "तुला कुणी विचारलं होतं का?" ती म्हणाली, प्रत्येक वेळी आमच्या वतीनं कुणी तरी बोलतं आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला त्याचं उत्तर द्यावं लागतं.

याच सत्रात आम्हाला लोकप्रतिनिधित्व कायदा होता. १९५१ चा, कलम १२३, पोटकलम ३. उमेदवारानं त्याच्या धर्माच्या, जातीच्या, भाषेच्या आधारे मत मागणं हा भ्रष्ट आचार. यातल्या "त्याच्या" या शब्दावर सर्वोच्च न्यायालयात सात न्यायमूर्ती बसले होते. म्हणजे कुणाच्या? उमेदवाराच्या, की मतदाराच्याही? खटला मुंबईतल्या सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीवरचा आणि निकाल २ जानेवारी २०१७ चा, माझ्या वयाहून जास्त वर्षं एका सर्वनामाला लागली. चार विरुद्ध तीन. चौघांनी सांगितलं, मतदाराचा धर्मही त्यात येतो, म्हणून "तू अमुक धर्माचा आहेस म्हणून मला दे" असंही म्हणता येणार नाही. तिघं म्हणाले, शब्दाचा अर्थ इतका ताणू नका, ज्यांना धर्मामुळे, जातीमुळे, भाषेमुळे सोसावं लागलं त्यांनी ते सोसणं निवडणुकीत बोलून दाखवायचं नाही तर कुठे? याच कलमाखाली विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीचा निकाल रद्द झाला आणि त्या प्रकरणात बाळासाहेब ठाकरेंचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला, हेही आम्ही शिकलो. परीक्षेत मी दोन्ही बाजू लिहिल्या, गुण चांगले मिळाले. पण लिहिताना मला चौघांच्या बाजूला पुलावरचा दादा दिसत होता आणि तिघांच्या बाजूला ती प्लास्टिकची पिशवी. कायदा दादाला लागू होत नाही. तो उमेदवार नाही, कुणाचा प्रतिनिधी नाही, त्यानं घरच्या माणसाला एक प्रश्न विचारला. मतदार काय मनात धरून बटण दाबतो यावर कुठलंच कलम नाही, आणि नसावंच असं मला वाटतं.

२३ तारखेला निकाल लागला. जिल्ह्यातल्या पंधरापैकी चौदा जागा महायुतीकडे. पंधरावी मालेगाव मध्य. मी त्या आकड्यावर बराच वेळ थांबले. तिथं निवडून आलेल्या आणि पडलेल्या उमेदवारात फरक होता १६२ मतांचा. पहिले दोघं मुसलमान, दोघांनाही लाखाच्या वर मतं. मेमध्ये ज्याला गठ्ठा म्हणून वर्तुळात घातलं होतं तो गठ्ठा सहा महिन्यांत बरोबर मधोमध फाटला होता, कारण या वेळी पिशवीला धोका कुणापासूनच दिसत नव्हता आणि लोक नगरसेवकाच्या, गटाराच्या, जुन्या भांडणांच्या हिशोबानं आपापल्या वाटेनं गेले होते. रूममेटच्या घरातच अम्मी एकीकडे आणि वडील दुसरीकडे. "दोन दिवस घरात अबोला आहे," तिनं सांगितलं, आणि तिच्या आवाजात मला इतका हलकेपणा कधी ऐकू आला नव्हता.

तिचा तो आवाज ऐकला तेव्हा मला पुलावरचं कोडं थोडं सुटल्यासारखं वाटलं. मेमध्ये दादानं मला विचारलं होतं, "कांद्याला ना?" तेव्हा मी हो म्हणाले होते, पण मला नाहीही म्हणता आलं असतं. म्हणाले असते, नाही रे, मी आधीच्या खासदार बाईंना दिलं, त्यांनी रस्ता केला. तो चिडला असता, दोन दिवस बोलला नसता, मग भाव वाढला असता किंवा पडला असता आणि विषय पुढे गेला असता. कांद्याला नाही म्हटलं तर मी कांद्याच्या विरोधात जाते, इतकंच. "धर्माला दिलंस ना" याला नाही म्हटलं की मी आजीच्या डोळ्यांतल्या पाण्याच्या विरोधात जाते, पप्पांच्या पाच पणत्यांच्या, माझ्या स्वतःच्या त्या दिवशीच्या आनंदाच्या. त्या प्रश्नात उमेदवार नव्हता, पक्ष नव्हता, मी आमच्यातली आहे की नाही एवढंच होतं. आमच्यातली तर मी आहेच. म्हणून हो निघून गेलं. पुलावर मी जे हो म्हणाले ते आजीला म्हणाले होते आणि दादानं ते मतपेटीत जमा करून घेतलं. याचा मला राग येतो. दादाचा नाही, ज्यांनी कुणी त्याच्या तोंडात हा प्रश्न असा घडवून ठेवला त्यांचा.

मी कशाला मत दिलं होतं? साडेपाचच्या गाडीला. बारावीच्या वर्षी कॉलेजहून गावाला येणारी संध्याकाळची साडेपाचची गाडी बंद झाली ती पुन्हा नीट सुरू झालीच नाही. माझ्याबरोबर दहावी झालेल्या नऊ मुलींपैकी चौघींची कॉलेजं त्या गाडीबरोबर सुटली. दोघींची लग्नं त्याच वर्षी लागली. एका उमेदवाराच्या पत्रकात शेवटून तिसऱ्या ओळीत "विद्यार्थिनींसाठी सायंकाळची बससेवा" असे शब्द होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत, जिथं मी बाराखडी शिकले त्या खोलीत, बटण दाबल्यावर काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. त्या सात सेकंदांत मी त्या चौघींची नावं मनात घेतली, चौथीचं अर्धं राहिलं. तो उमेदवार पडला. त्याच्या बाकीच्या पत्रकाशी मी सहमत होते का? निम्म्याशी नव्हते. एका ओळीसाठी मी उरलेल्या चाळीस ओळी डोळ्याआड केल्या, जसं मेमध्ये गावानं केलं होतं, जसं नोव्हेंबरात दादानं केलं.

जानेवारीत त्र्यंबकच्या यात्रेला आजीच्या ऐवजी मी दिंडीत चालले. आजीचे गुडघे आता चालत नाहीत. दादा टाळकऱ्यांत होता. एका दुपारी विसाव्याला सगळे झाडाखाली पाठ टेकून पडले होते, कुणीतरी शेंगदाण्याचे लाडू वाटत होतं. दादा टाचेवरचा फोड बघत बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "दादा, त्या दिवशी पुलावर मी खोटं बोलले."

त्याला आठवायला वेळ लागला नाही, म्हणजे तोही विसरला नव्हता. "मग कशाला दिलंस?"

"साडेपाचच्या गाडीला."

तो काही बोलला नाही. टाचेला चिकटलेली माती बोटानं काढत राहिला. टाळ पुन्हा वाजायला लागले, लोक उठून पताका सावरू लागले, तेव्हा त्यानं चपलेत पाय सरकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती गाडी बंद झाली तेव्हा तुला आणायला रोज मीच यायचो."